सातजण

डोंगरावर जायचं ठरलं की आपण आधी ठिकाण ठरवतो, मग डब्यात काय न्यायचं ते. वेळेचा हिशोब कुणी करत नाही. मीही करत नव्हतो. कवी माणूस, त्यात पन्नाशी उलटलेला. गाडी चुकली नाही म्हणजे मिळवली.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही कॉलेजचे सात मित्र पुण्याहून राजमाचीला गेलो. लोणावळ्याहून उधेवाडीपर्यंत साधारण पंधरा किलोमीटरची चाल. लांब आहे, पण छातीवर येणारा चढ नाही. रोज सकाळी तासभर फिरणाऱ्याला जमते. गावात मुक्काम केला. घराघरांतून जेवणाची सोय होते. आधी कळवलेलं बरं. पिठलं-भाकरी खाऊन झोपलो.

चूक रविवारी झाली. श्रीवर्धन आणि मनरंजन, दोन्ही बालेकिल्ले पाहायचेच, असा पुढाऱ्यांचा हट्ट. पुढाऱ्यांत मी होतो. मग सावकाश जेवण. कोंढाण्याच्या लेण्यांकडे उतरायला लागलो तेव्हा साडेतीन वाजून गेले होते. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. ही वाट उताराची. दम लागत नाही, पण गुडघे बोलू लागतात. सातजणांत टॉर्च दोन, आणि दोन्ही पुढे चालणाऱ्यांकडे.

खाली लेण्यांपाशी आलो तेव्हा सहाच होतो. ‘येतोय मागून,’ असं प्रत्येकाला वाटत होतं. गझलेच्या मात्रा बोटांवर मोजणाऱ्या मला सात माणसं मोजता आली नाहीत. दोघं टॉर्च घेऊन परत वर गेलो. तासाभरानं तो सापडला. एका दगडावर गुडघा धरून बसला होता. मोबाईलला रेंज नव्हती, बाटलीत पाणी नव्हतं. चिडला नाही. एवढंच म्हणाला, ‘मला वाटलं, तुम्ही मला धरलंच नव्हतं.’

त्यानंतर वर्षभर तो कट्ट्यावर आला नाही. ईदला शीरखुर्म्याला यायचा, तेही चुकवलं.

पुढच्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा कागद घेऊन बसलो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक ठोकताळा दिला होता : पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. त्या हिशोबानं उधेवाडी तीन तासांवर येते. पण त्यात थांबणं नाही, फोटो नाहीत, आमचे गुडघे तर नाहीतच. मी दुप्पट केले. सहा तास. शनिवारी सकाळी आठला लोणावळ्याहून निघायचं, दुपारी दोनला गावात. संध्याकाळ उदयसागर तलावाकाठी, रिकामी.

रविवारी फजरला मी उठतोच, बाकीच्यांना उठवीन. किल्ला एकच, श्रीवर्धन. मनरंजन राहिला तर राहिला. तो कुठं पळून जात नाही. साडेदहाला उतरायला सुरुवात, तीन तास धरून दीडला लेणी, तिथून कोंदिवडे आणि वाहनानं कर्जत. प्रत्येकी तीन लिटर पाणी, प्रत्येकाकडे टॉर्च, उतारासाठी काठी. सगळ्यांत हळू चालणारा पुढे, दर अर्ध्या तासानं मोजणी. गुडघा शनिवारीच कुरकुरला तर कोंढाण्याची उतरण रद्द. उधेवाडीपर्यंत गाडीरस्ता आहे, जीप बोलावून लोणावळ्याला परत. त्यात कमीपणा कसला? कागदाची एक प्रत घरी : वाट, मुक्काम, परतायची वेळ. बायकोनं ती फ्रिजला चिकटवली आणि विचारलं, ‘हे मागच्या वर्षी का नाही सुचलं?’

दुसरी प्रत घेऊन मी त्याच्याकडे गेलो. त्यानं चष्मा लावला, कागद दोनदा वाचला. घरातून चहा आला, तरी तो वाचतच होता. मग कानावरची पेन्सिल काढून त्यानं ‘सहा तास’ खोडलं आणि ‘साडेसहा’ लिहिलं.

‘वाटेतला चहा धरला नाहीस,’ म्हणाला.