जॅग्वार ई-टाइप आणि कॅम्री

मार्च १९६१ मध्ये जिनिव्हात जॅग्वार ई-टाइप लोकांसमोर आली आणि लांबलचक नाकाच्या त्या दोन आसनी गाडीवर सगळे भाळले. ३.८ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, तीन कार्ब्युरेटर आणि कंपनीच्या दाव्यानुसार २६५ अश्वशक्ती. अर्थात, तेव्हा मोजायची रीत सैल होती. सायलेन्सर, पंखा वगैरे बाजूला ठेवूनच आकडा काढत. तुलनेला २०१८ची टोयोटा कॅम्री व्ही-६ घ्या: ही कुटुंबाची सेडान, तरी ३०१ अश्वशक्तीची. शिवाय एअरबॅग, एबीएस आणि मागे ऐसपैस जागा. सिग्नलवरून सुटताना तीच पुढे जाईल. ई-टाइपला पॉवर स्टिअरिंगसुद्धा नव्हतं, त्यामुळे रस्ता थेट तळहातांना कळायचा. मला विचाराल, तर मोकळ्या वळणदार रस्त्यासाठी मी ई-टाइपचीच किल्ली मागेन.