मोसंबीची फोड आणि मोसंबीचा रस : मधुमेहातील आहारनिवडीचा विचार

जालना जिल्ह्यातील अंबड, घनसावंगी, बदनापूर आणि जालना या तालुक्यांत मोसंबीच्या बागा पिढ्यानपिढ्या आहेत, 2016 साली या फळाला भौगोलिक मानांकन मिळाले, आणि मृग बहराची फळे उन्हाळ्याच्या तोंडावर बाजारात येऊ लागली की गावोगावच्या रसपानगृहांसमोर गर्दी वाढते. नेमक्या याच दिवसांत मधुमेह असलेल्या माणसाला घरातून परस्परविरोधी सल्ले मिळू लागतात. एकाच्या मते फळ नैसर्गिक असल्याने त्याचा रस निर्धोक असतो, दुसऱ्याच्या मते गोड फळाला हातही लावू नये, आणि अलीकडे व्यायामशाळांच्या आसपास रुळलेल्या स्मूदीविषयी, म्हणजे फळे, दूध किंवा दही, ओट्स, सुकामेवा हे सारे एकत्र घुसळून केलेल्या दाट पेयाविषयी, तर ती जेवणापेक्षाही आरोग्यदायी असल्याचा समज आहे. प्रस्तुत व्याख्यानाचे प्रतिपादन असे की या वादात दोष चुकीच्या उपकरणावर ठेवला जातो. फळाचे रूप बिघडवते ती मुख्यतः गाळणी, मिक्सर नव्हे. आणि गाळणीइतकाच महत्त्वाचा असतो तो पेल्याचा आकार व त्यात वरून पडणारे जिन्नस.

मधुमेह म्हणजे स्वादुपिंडात तयार होणारे इन्सुलिन हे संप्रेरक अपुरे पडणे, किंवा ते असूनही स्नायू व यकृत यांनी त्याला पुरेसा प्रतिसाद न देणे, आणि त्यामुळे रक्तातील ग्लुकोजचे प्रमाण, म्हणजेच रक्तशर्करा, सतत वाढलेली राहणे. उपाशीपोटी ही पातळी दर डेसिलिटरला 126 मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक, अथवा गेल्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीए1सी ही चाचणी 6.5 टक्के किंवा त्याहून अधिक आली, आणि फेरतपासणीतही तसेच दिसले, तर मधुमेहाचे निदान केले जाते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष 2023 साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. हा रोग लठ्ठ आणि शहरी माणसांचा, ही समजूत ग्रामीण भागात अजून टिकून आहे. परंतु पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुले यांच्यावर केलेल्या दीर्घ अभ्यासाने तिला धक्का दिला. हाडापेराने किरकोळ दिसणाऱ्या भारतीय शरीरात स्नायू कमी आणि चरबी तुलनेने अधिक असते, व ही ठेवण जन्मतःच दिसू लागते, असे त्या कामातून पुढे आले. बारीक अंगाच्या शेतकऱ्यानेही पेल्यातल्या साखरेचा हिशेब ठेवायचा तो याच कारणाने.

हा हिशेब मांडण्यासाठी दोन संज्ञा उपयोगी पडतात. एखाद्या पदार्थातील ठरावीक कर्बोदके, म्हणजे पिठूळ व शर्करायुक्त घटक, पोटात गेल्यावर रक्तशर्करा किती चढते याची तुलना तेवढ्याच ग्लुकोजशी केली, आणि ग्लुकोजला 100 हा आकडा दिला, की जो अंक मिळतो त्याला ग्लायसेमिक निर्देशांक म्हणतात. ही कल्पना टोरोंटोच्या डेव्हिड जेन्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1981 साली मांडली. परंतु हा निर्देशांक केवळ गुण सांगतो, प्रमाण सांगत नाही, आणि म्हणून निर्देशांकाला प्रत्यक्ष खाल्लेल्या कर्बोदकांच्या ग्रॅमने गुणून शंभराने भागल्यावर येणारा ग्लायसेमिक भार अधिक कामाचा ठरतो. संत्र्याचे उदाहरण येथे बोलके आहे : संत्रे आणि संत्र्याचा रस या दोहोंचा निर्देशांक 55 च्या आत, म्हणजे कमी गटातच मोडतो, आणि तेवढ्यावरच थांबणारा वाचक रसाला निर्दोष ठरवून मोकळा होतो, मात्र एका संत्र्याचा भार चार-पाचच्या घरात असताना 250 मिलिलिटर रसाचा भार बाराच्या आसपास जातो. मोसंबी वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने संत्र्याच्याच कुळातली असल्याने तिचे गणित याहून फार वेगळे असण्याचे कारण नाही. एका मध्यम मोसंबीच्या गरात साधारण दहा ग्रॅम साखर असते. एक मोठा पेला भरायला तीन-चार फळे पिळावी लागतात, म्हणजे वरून साखर न टाकताही वीस ग्रॅमच्या पुढे साखर दोन मिनिटांत पोटात उतरते. सलग चार मोसंब्या सोलून खाणारा माणूस विरळा, आणि चार मोसंब्यांचा रस पिणारा मात्र प्रत्येक बसस्थानकाबाहेर सापडतो.

वेगाचा हा मुद्दा ब्रिस्टल येथील संशोधकांनी 1977 साली एका साध्या प्रयोगातून दाखवला होता. दहा निरोगी व्यक्तींना साठ ग्रॅम कर्बोदके असलेली सफरचंदे एकदा अखंड, एकदा लगदा करून आणि एकदा गाळलेल्या रसाच्या रूपात दिली असता रस हा अखंड फळापेक्षा अकरापट वेगाने संपला आणि भूक मात्र सर्वांत कमी भागली. रक्तशर्करा तिन्ही वेळा जवळपास सारखीच चढली, हे त्या प्रयोगाचे पुष्कळदा दडपले जाणारे अंग आहे. फरक पडला तो नंतर, कारण रस व लगदा यांच्या मागोमाग इन्सुलिन अधिक स्रवले, आणि रस पिणाऱ्यांची शर्करा मग खाली कोसळली. निरोगी स्वादुपिंड हा जादा भार पेलू शकते, थकलेले पेलू शकत नाही. पुढे 2013 साली हार्वर्डच्या संशोधकांनी अमेरिकेतील सुमारे 1 लाख 87 हजार परिचारिका व आरोग्यसेवकांच्या दीर्घकालीन नोंदी तपासल्या, तेव्हा अखंड फळे, विशेषतः ब्लूबेरी, द्राक्षे आणि सफरचंदे, खाणाऱ्यांत मधुमेह कमी आढळला आणि फळांचा रस पिणाऱ्यांत अधिक. असा अभ्यास कार्यकारण सिद्ध करत नाही, तो केवळ संबंध दाखवतो. तरीही कडवंचीसारख्या द्राक्षबागांच्या गावाला द्राक्षे या यादीत सापडतात ही नोंद दिलासा देणारी आहे.

मिक्सरविषयीचे निष्कर्ष मात्र अनपेक्षित आहेत. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या 2017 मधील अभ्यासात बियांची फळे असलेले मिश्रण न गाळता घुसळून दिले असता रक्तशर्करा तीच फळे चावून खाण्यापेक्षा कमी चढली, आणि 2022 मध्ये सफरचंद व ब्लॅकबेरी यांवर झालेल्या प्रयोगातही तसेच दिसले. बिया भरडल्या गेल्याने त्यांतील तंतुमय द्रव्ये, स्निग्धांश व इतर घटक मोकळे होऊन साखरेचे शोषण मंदावत असावे, असा याचा अर्थ लावला जातो. हे प्रयोग थोड्या आणि निरोगी व्यक्तींवर झालेले असल्याने मधुमेही रुग्णाला त्यांचा परवाना म्हणून उपयोग करता येत नाही. शिवाय मोसंबीच्या बाबतीत एक रासायनिक अडचण आहे. तिच्या बिया आणि पाकळ्यांची आवरणे यांत असलेले एक बेचव द्रव्य आम्ल रसात मिसळले की हळूहळू लिमोनिन या कडू द्रव्यात बदलते. म्हणून बियांसकट फिरवलेला रस थोड्याच वेळात कडवट होतो, विक्रेता तो गाळतो, उरलेली कडवट छटा झाकायला साखरेचा पाक आणि काळे मीठ टाकतो, आणि पेक्टिन नावाचे जे विद्राव्य तंतुद्रव्य जठरात चिकट थर धरून साखर सावकाश सोडते ते चोथ्याबरोबर उकिरड्यावर जाते. पेरूची स्मूदी न गाळता पिता येते. मोसंबीची व्यवहारात येत नाही. मोसंबी सोलून, पाकळीवरचा पातळ पांढरा पापुद्रा ठेवून फोडी खाणे हाच तिच्यापुरता शहाणपणाचा मार्ग आहे, आणि त्याने बागाईतदाराचे काही बुडत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली मुक्त शर्करांची जी व्याख्या केली, तिच्यात वरून घातलेली साखर, मध आणि पाक यांच्या जोडीने फळांचे रसही धरले आहेत, अखंड फळे धरलेली नाहीत. आणि हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही रसाऐवजी फळ खाण्याचा आग्रह असून उसाच्या रसात दर 100 मिलिलिटरला 13 ते 15 ग्रॅम साखर असल्याचा इशारा आहे. रसवंतीवरचा एक मोठा पेला म्हणजे तीस ग्रॅमच्या पुढचा मामला. परंतु सर्वांत फसवी ठरते ती ‘शक्तिवर्धक’ स्मूदी. दोन केळी, चार खजूर, पाव लिटर दूध आणि एक मोठा चमचा मध एवढे घातले तरी कर्बोदके शंभर ग्रॅमच्या आसपास जातात, तर पन्नास ग्रॅम पिठाच्या एका ज्वारीच्या भाकरीत ती सुमारे पस्तीस ग्रॅम असतात. म्हणजे न्याहारीआधी जवळपास तीन भाकऱ्या, त्याही न चावता. मधुमेही व्यक्तीला दाट पेय हवेच असेल तर बिनसाखरेच्या दह्यात किंवा ताकात काकडी, पालक, अर्धा पेरू आणि मराठवाड्यात घरोघरी असणाऱ्या जवसाची पूड घालून, न गाळता, लहान पेल्यात आणि न्याहारीच्या ऐवजी घेता येते. कारल्याच्या किंवा कडुलिंबाच्या रसाने गोळ्या बंद होतील, या आशेला आधार नाही.

पेल्याबाहेरच्या ताटाचा विचार याहून सोपा आहे, कारण मराठवाड्याच्या ताटात आवश्यक ते पूर्वापार आहे. जालन्याच्या दगडी ज्वारीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, बदनापूरच्या संशोधन केंद्राने तुरीचे वाण दिले; दरम्यान शेतात कापूस व सोयाबीन आणि रास्त भाव दुकानात गहू-तांदूळ आल्याने भाकरी मागे पडली. ज्वारीही पिठूळच आहे, तीन भाकऱ्या खाल्ल्या तर साखर चढणारच. तिचा फायदा तंतुद्रव्यांत आणि तिच्यासोबत आपसूक येणाऱ्या वरण, उसळ, शेपू-मेथीची भाजी यांत आहे. न्यूयॉर्कमधील 2015 च्या एका लहान अभ्यासात भाज्या व प्रथिने आधी आणि कर्बोदके शेवटी खाल्ली असता जेवणानंतर तासाभराची शर्करा 37 टक्क्यांनी कमी आढळली. कोशिंबीर आणि वरण आधी संपवून भाकरीला हात घालणे याहून अवघड नाही. उपवासाची साबुदाण्याची खिचडी मात्र जवळजवळ निव्वळ पिठाची असते, आणि रोजा सोडताना खजुरांमागोमाग घेतले जाणारे गोड सरबत दिवसभराच्या उपासानंतर शर्करेला एकदम उसळी देते. लातूरचे डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी महाराष्ट्रभर पोचवलेली दोन वेळांच्या जेवणाची पद्धत असो वा कोणताही धार्मिक उपास, इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्याने औषधाची मात्रा डॉक्टरांकडून बदलून घेतल्याखेरीज तो मार्ग धरू नये, कारण अशा वेळी शर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

आणि तेथे गाळणीचा दोष हाच गुण होतो. घाम, थरथर, गोंधळ ही लक्षणे दिसली आणि शर्करा 70 मिलिग्रॅमच्या खाली गेली, तर पंधरा ग्रॅम झटपट साखर, म्हणजे अर्धा-पाऊण कप गाळलेला मोसंबीचा रस किंवा पाण्यातून तीन चमचे साखर, देऊन पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. फोडी त्या वेळी फार सावकाश काम करतील. व्होग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांना मात्र साध्या साखरेऐवजी ग्लुकोजची पूडच द्यावी, कारण ही औषधे आतड्यात साखरेचे विघटन रोखतात. मूत्रपिंड दुखावलेल्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम साचत असल्यास रस आणि नारळपाणी यांचे प्रमाण डॉक्टरांनी ठरवून द्यावे लागते, आणि शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात रस, पाणी, साखर काहीही न घालता त्याला थेट रुग्णालयात न्यावे लागते.