युलिया दोम्नाचे नाणे

(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला ‘माझा छंद’ या विषयावर चार हलक्याफुलक्या गोष्टी सांगायला बोलावले आहे. त्या सांगेनच, पण आज मला एक कबुलीही द्यायची आहे, आणि ती शेवटावर टाकली तर धीर जाईल. तीन वर्षांपूर्वी हळदीकुंकवाच्या दिवशी याच सभागृहात मी एक रोमन नाणे तुम्हां सर्वांच्या हातांतून फिरवले होते. “अठराशे वर्षांपूर्वीची चांदी हातात घेऊन पाहा,” असे मोठ्या ऐटीने म्हणाले होते. ते नाणे खोटे होते.

आता पहिल्यापासून सांगते.

नाण्यांचे वेड मला आजीमुळे लागले. तिच्या गळ्यात पुतळ्यांची माळ असे. ही पुतळी मुळात व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यावरून आली, हे मला पुष्कळ पुढे कळले. लहानपणी एवढेच दिसे की दर चकतीवर कोणीतरी उभे आहे. लग्न होऊन इंग्लंडला आले आणि इथल्या बाजारात रोमन नाणी बटणांसारखी बशीत मांडलेली पाहिली, तेव्हा हात शिवशिवले. पहिली सहा-सात वर्षे मी नुसती जमवीत सुटले. एकदा एका वृद्ध संग्राहकांनी माझा डबा पाहून विचारले, “यांतले तुम्हाला ओळखता कोणते येते?” मी गप्प बसले. “मग एकच माणूस धरा,” ते म्हणाले.

मी बाई धरली. युलिया दोम्ना तिचे नाव. माहेर सीरियातले एमेसा, म्हणजे आजचे होम्स. तिथल्या सूर्यदेवाच्या पुजाऱ्याची ही लेक. सासर आफ्रिकेचे, आणि संसार रोमचा. नवरा सेप्टिमियस सेव्हेरस इसवी सन १९३ मध्ये सम्राट झाला. २०८ साली ती त्याच्याबरोबर या आपल्या थंड मुलुखातही आली होती. इथल्या एका उत्तरेकडच्या सरदाराच्या बायकोशी तिची झालेली शाब्दिक चकमक डिओ या इतिहासकाराने नोंदवून ठेवली आहे. पण तो संवाद आजच्या व्यासपीठावर नको, चहाच्या वेळी सांगेन.

एकाच बाईची नाणी धरून बसल्यावर डोळा हळूहळू तयार होतो. तिच्या दिनारावर चेहऱ्याभोवती नाव असते. आधी ‘युलिया दोम्ना आउगुस्ता’, १९६ च्या सुमारापासून नुसते ‘युलिया आउगुस्ता’, आणि नवरा वारल्यावर, २११ पासून, ‘युलिया पिया फेलिक्स आउगुस्ता’. एवढे वाचता आले की नाण्याचे वय सांगता येते. केसांच्या आडव्या लाटा आणि मागे भला मोठा अंबाडा. तो टोप असावा, असेही काही अभ्यासक म्हणतात. पाठीमागे कधी व्हीनस, कधी जूनो, कधी दोन सिंहांमध्ये सिंहासनावर बसलेली देवमाता. चांदी मात्र निम्म्यावर आलेली! नवऱ्याला सैन्याचे पगार वाढवायचे होते, आणि तेवढी चांदी आणायची कुठून?

या सगळ्यांत मला एका नाण्याचा ध्यास लागला. त्याच्या मागल्या बाजूस डहाळी आणि राजदंड घेतलेली स्त्री बसली आहे, आणि भोवती संक्षेपाने लिहिले आहे: सम्राटांची माता, सिनेटची माता, देशाची माता. ‘आउगुस्त’ या शब्दाच्या संक्षेपात शेवटी एक ग असला तर सम्राट एक, दोन असले तर दोन. इथे दोन ग आहेत. दोन मुलगे, काराकाला आणि गेटा. बाप ४ फेब्रुवारी २११ रोजी यॉर्कला वारला आणि दोघे मिळून राज्य करू लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात थोरल्याने धाकट्याला मारविले. डिओ लिहितो की बावीस वर्षांचा गेटा आईच्या कुशीत शिरला आणि तिथेच त्याला कापले. तिच्या हातालाही जखम झाली, आणि तिला रडायचीसुद्धा बंदी होती. मग गेटाचे नाव शिलालेखांवरून खरवडले गेले. आशियातल्या काही शहरांच्या तांब्याच्या नाण्यांवरून त्याचा चेहरा छिन्नीने उडवला. या चांदीच्या नाण्यावर मात्र ते दोन ग तसेच राहिले.

ते नाणे मला मिळाले तेव्हा मी दोन वर्षांची शिल्लक मोजून दिली. तेच तुम्ही पाहिलेत.

पुढे एका रात्री लिलावाची एक जुनी यादी चाळत असता माझे नाणे छायाचित्रात दिसले. पण विकणारा दुसरा, आणि वजनही दुसरे. रोमन नाणी ठशावर हातोडा मारून पाडीत. त्यामुळे एका ठशाची दोन नाणी चेहऱ्याने सारखी असू शकतात. पण कडेला गेलेला तडा प्रत्येक नाण्याचा आपला असतो. त्या छायाचित्रातला तडा माझ्या नाण्यातल्या तड्याशी तंतोतंत जुळत होता, अंबाड्याच्या मागे, त्याच वळणाने. भिंगाखाली पाहिले तर माझ्या नाण्यातला तडा आतून गुळगुळीत, भरून आल्यासारखा. खऱ्या नाण्याचा साचा घेऊन ओतलेले होते ते. इतक्या वर्षांत ते भिंग मी कशाकशावर धरले होते, आणि ऐन वेळी या नाण्यावर नीट धरले नव्हते. हवे होते तेच दिसले होते.

विक्रेत्याने मुदत उलटल्याचे सांगून हात वर केले. एका परिचिताने “गुपचूप लिलावात घाला, कोणाला कळतंय?” असा सल्ला दिला. त्यापेक्षा अवघड काम पुढे होते. आपल्यातल्याच एका मैत्रिणीने माझ्या शब्दावर त्याच दुकानातून लेकीसाठी एक नाणे घेतले होते. तिच्या घरी भिंग घेऊन गेले. तिने चहा ठेवला, मी नाणे पाहिले, आणि चहा निवून गेला. तेही ओतीव निघाले. तिचे पैसे मी भरून दिले. ती घेत नव्हती. “मी दुकानदारावर नाही, तुझ्यावर भरवसा टाकला होता,” एवढे मात्र ती म्हणाली, आणि ते बरोबरच होते.

गेल्या वर्षी तेच नाणे, या वेळी खरे, मला दाखवण्यात आले. खाचांत माती होती. कुठून आले, असे विचारले तर “पूर्वेकडून, अलीकडेच,” एवढेच उत्तर. कागद एकही नाही. २०११ मध्ये सीरियात युद्ध पेटले, त्यानंतर अपामीया या प्राचीन नगरीची जमीन लुटारूंनी कशी खड्ड्याखड्ड्यांनी चाळणी केली, ते उपग्रहाच्या चित्रांत सर्व जगाने पाहिले आहे. दोम्नाच्या माहेरच्या होम्सचे तर काही भाग जमीनदोस्त झाले. त्या मातीकडे मी बराच वेळ पाहिले. हात पुढे झाला होता, खोटे कशाला सांगू? पण परत दिले. इथल्या शेतांत सापडलेल्या, जागेची नोंद झालेल्या नाण्यांवर मी आता समाधान मानते. माझ्या पेटीत त्या एका नाण्याचा कप्पा रिकामा आहे.

आता दोन नाणी फिरवायला देते. एक ते खोटे. त्याखाली मी तशी चिठ्ठीच चिकटवली आहे. दुसरे देवमातेचे, खरे आणि अगदी सर्वसाधारण. बोटांनी कडेला धरा, चेहऱ्यावर अंगठा नको. भिंग मागच्या रांगेपासून सुरू करू या. गेल्या खेपेला त्यांच्यापर्यंत ते पोहोचलेच नव्हते.