नैसर्गिक दंतमंजन आणि घरची मशेरी



दंतमंजनाच्या वेष्टनावर ‘नैसर्गिक’ हा शब्द दिसला की आपण निश्चिंत होतो. परंतु तंबाखू हीदेखील निसर्गातलीच वनस्पती आहे. पेडणे, डिचोलीच्या खेड्यांतून, तसेच शेजारच्या सिंधुदुर्गात, तव्यावर काळी होईतो भाजलेल्या तंबाखूची मशेरी दातांना लावण्याची चाल, विशेषतः स्त्रियांत, फार जुनी. तिने दातदुखी घटकाभर थांबल्यासारखी वाटते. तो निकोटिनचा अंमल. कीड तशीच राहते, व्यसन जडते आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट मोकळी होते. केंद्र शासनाने १९९२ साली टूथपेस्ट व दंतमंजनांत तंबाखू वापरण्यास मनाई केली. मात्र घरच्या तव्यापर्यंत कायद्याचा हात पोहोचत नाही. शिक्षकांनी मुलांना सहज विचारावे, घरी दात कशाने घासता? उत्तर पुष्कळदा आजीच्या डबीपाशी जाते.

भाताच्या तुसाची राखुंडी किंवा गेरूमिश्रित लाल पूड विषारी नव्हे, पण खरखरीत. दातावरचे कठीण कवच एकदा झिजले की पुन्हा येत नाही. त्यापेक्षा कडुनिंबाची कोवळी काडी, चावून मऊ केलेली, बरी.

पेस्ट घेताना घटकांची यादी वाचावी. फ्लोराइड किडीला अटकाव करते, तेव्हा केवळ ‘रासायनिक’ म्हणून ते टाळू नये. लहान मुलांना वाटाण्याएवढीच पेस्ट द्यावी व ती थुंकण्यास शिकवावे.

तोंडातला पांढरा चट्टा वा जखम दोन आठवड्यांत बरी न झाल्यास बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात दाखवावी. मशेरी लावणाऱ्या भगिनींनी तर दुखण्याची वाटही पाहू नये. असे चट्टे आरंभी दुखत नाहीत.