रक्तदात्यास घेरी का येते?

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात न्हावा शेवा येथे केलेले भाषण)



रक्तदानाचे माहात्म्य सांगण्यासाठी मी उभा नाही. ज्या उरण तालुक्याने १९३० साली चिरनेरला आणि १९८४ च्या जानेवारीत जमिनीच्या लढ्यात रक्त सांडले, त्यास रक्ताचे मोल शिकवावे लागत नाही. मला आज माझी एक चूक सांगावयाची आहे.

तिशीत असताना एका आप्तासाठी मी रक्त दिले. त्या दिवशी एकादशी होती. पोटात केवळ चहा. रक्त देऊन तत्काळ उठलो आणि जिन्यात कोसळलो. हनुवटीवरील खूण अद्याप आहे. लाजेपोटी मी ही गोष्ट लपविली, इतकेच नव्हे, तर पुढील साऱ्या सेवाकाळात एकाही विद्यार्थ्यास रक्तदानाचा उपदेश केला नाही.

गतवर्षी माझ्या भावाच्या नातीस रक्ताचा कर्करोग झाला. तिला रक्तबिंबिका, म्हणजे ज्यांना दवाखान्यात प्लेटलेट म्हणतात, त्या वारंवार लागू लागल्या. त्या पाच दिवसांपलीकडे टिकत नाहीत; म्हणून ताजा दाता हवा. गावची सहा मुले अटल सेतूवरून मुंबईस धावली. तेथे यंत्र दात्याचे रक्त घेते, फिरवून बिंबिका वेगळ्या काढते आणि उरलेले रक्त त्यालाच परत देते. यास तास-दीड तास लागतो. त्यांतील एक धट्टाकट्टा मुलगा मध्येच पांढराफटक पडला. परिचारिकेने यंत्र थांबविले, खुर्चीचे डोके खाली व पाय वर केले. दहा मिनिटांत चेहऱ्यावर रंग आला. तो ओशाळून म्हणाला, "गुरुजी, मी भ्यालो का हो?" तेव्हा प्रथमच मी माझ्या हनुवटीची हकीकत सांगितली.

बंधुहो, ही घेरी भित्रेपणाची खूण नव्हे. भीती, उपास, जागरण किंवा शरीरातील पाण्याची कमतरता यांमुळे हृदयाची गती आवरणाऱ्या मज्जातंतू एकाएकी प्रबळ होतात. नाडी मंदावते, पायांच्या व पोटाच्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो आणि मेंदूस क्षणभर रक्त कमी पडते. तरुण, प्रथमच येणारे आणि कमी वजनाचे दाते यांस हा धोका अधिक.

यावरील उपाय सोपे आहेत. आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी. उपाशीपोटी जाऊ नये. दानापूर्वी अर्धा तास अर्धा लिटर पाणी प्यावे आणि सोबत काही खारट खावे. मिठागरांच्या मुलखात मिठाचा गुण सांगणे नकोच. लघुशंका उरकून मगच खुर्चीवर बसावे. सुईचा हात स्थिर ठेवून मांड्या व पोटऱ्यांचे स्नायू आवळावेत, सोडावेत. उठण्यापूर्वी पुन्हा तसेच करावे. ओळखीच्या माणसाशी गप्पा माराव्यात. संपल्यावर निदान पंधरा मिनिटे विसावा घ्यावा.

यंत्रातील रक्त गोठू नये म्हणून जे द्रव्य मिसळतात, ते रक्तातील कॅल्शियम काही काळ बांधून ठेवते. त्यामुळे ओठांना, बोटांना मुंग्या येतात. ही घेरी नव्हे. परंतु तसे सांगितले की यंत्राची गती कमी करतात, जरूर तर कॅल्शियम देतात. घाम, जांभई, मळमळ, डोळ्यांपुढे अंधारी यांपैकी काहीही झाले तरी तत्क्षणी सांगावे. लपविणे हेच खरे संकट.

कधी कधी घेरी घरी परतताना येते. म्हणून बंदरावर क्रेन किंवा ट्रेलर चालविणाऱ्यांनी त्या दिवशी कामावर जाऊ नये. मोटारसायकलही दुसऱ्याच्या हाती द्यावी.

बिंबिकांचे दान पुन्हा ४८ तासांनंतर करता येते. मात्र आठवड्यात दोनदा आणि वर्षात २४ वेळा, याहून अधिक नाही. तेव्हा तरुण दात्यांची एक यादी मंडळाने ठेवावी, ही माझी विनंती. माझे वय आता यंत्रावर बसण्याचे राहिले नाही. परंतु मुलांसोबत जाऊन पाण्याचा तांब्या त्यांच्या हाती देणे मला जमते, आणि तेच मी यापुढे करणार आहे. ती मुलगी आज पुन्हा शाळेत जाते, हे सांगून आपली रजा घेतो.