घरातील एक खोली आवाजासाठी
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



 अशा प्रसंगी शिक्षण, हुंडा, समाजाचे वसतिगृह, सामुदायिक विवाह यांपैकी एखाद्या विषयावर बोलावे असा प्रघात आहे. ते विषय मोलाचे खरेच. परंतु त्यांवर आमच्याहून अधिकारी मंडळी येथे बसलेली आहेत. आम्ही आज एक अगदी घरगुती विषय घेऊन उभे राहिलो आहोत. घरातील रिकाम्या खोलीत आपल्या वडीलधाऱ्यांचा आवाज टिपून ठेवण्याची सोय कशी करावी, हा तो विषय होय. हे काय भलतेच, असे काहींस वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा, एवढी विनंती आहे.

आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी आज एक तरी खोली रिकामी आहे. मुलगा नोकरीनिमित्त पुण्यास, मुलगी सासरी नागपुरास. दिवाळीचे चार दिवस सोडले तर खोलीचे दार उघडत नाही. मग तेथे पेट्या येतात, गाद्यांची चळत येते, धानाची पोती येतात. आमच्या घरीही तेच झाले होते. त्या खोलीच्या भिंतीवर आमच्या कैलासवासी मातोश्रींची तसबीर आहे. तिला हार आहे, उदबत्ती आहे. आईला जाऊन नऊ वर्षे झाली. चेहरा डोळ्यांपुढे आहे, परंतु तिचा आवाज आमच्यापाशी नाही. एका लग्नाच्या चित्रफितीत ती हळदीचे गाणे म्हणताना दिसते. तिचे ओठ हलतात, आणि ऐकू येतो तो मांडवातला भोंगा. ज्या बाईने शेकडो गाणी पाठ ठेवली, तिचे एकही गाणे आम्ही राखले नाही. ही चूक आपल्या हातून होऊ नये, म्हणून हे निवेदन.

दुसरी एक गोष्ट कबूल करावयाची आहे, ती अधिक जड आहे. आम्ही तेहतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले. आपल्या झाडीपट्टीत ‘ण’ च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’ च्या जागी ‘र’ म्हणतात, हे आपण जाणताच. मूल ‘पानी’ म्हणाले की आम्ही ‘पाणी’ म्हणवून घेत असू; ‘डोरा’ म्हणाले की वर्ग हसे, आणि आम्ही वर्गास हसू देत असू. शुद्धलेखन शिकविणे आमचे कर्तव्यच होते, त्याचा आम्हास खेद नाही. परंतु लिहिण्याचे नियम आम्ही मुलांच्या तोंडावर बसविले. उत्तर येत असूनही तोंड न उघडणारी मुले आम्ही पाहिली आहेत. ती घरी गेली, मोठी झाली आणि आपल्या मुलांशी आईची बोली बोलेनाशी झाली. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश सिद्ध करून मोठेच उपकार केले आहेत. तथापि कोशात शब्द राहतो. त्याचा हेल कोशात राहू शकत नाही. हेल राहतो तो आवाजात.

आवाज राखण्याचे हे काम काही नवे नव्हे. १९०२ साली फ्रेड गैसबर्ग नावाचा तंत्रज्ञ कलकत्त्यास आला आणि त्याने गौहर जान या गायिकेचे गाणे तबकडीवर उतरविले. त्याने कोणते भव्य मंदिर बांधले नव्हते; हॉटेलातील खोल्यांतच त्याने आपले यंत्र मांडले होते. गाणे संपताच बाई आपले नाव उच्चारीत, म्हणजे परदेशी कारखान्यातील माणसांना तबकडी कोणाची ते कळे. पुढे सर जॉर्ज ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या जोडीने १९१३ ते १९२९ या काळात देशातील अनेक बोलींचे नमुने ग्रामोफोनवर घेतले गेले. शतकापूर्वीच्या साध्या माणसांचे ते बोल आजही ऐकता येतात. आपल्या महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह खेडोपाडी फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, आणि पुष्कळ बायांचे आवाजही टिपले. त्या ओव्या आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात आहेत.

आपल्या भागात आवाजाची वाण कधीच नव्हती. वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या दिवाळीनंतर गावोगावी नाटके घेऊन निघतात. झाडीपट्टी रंगभूमीचे ज्येष्ठ कलावंत डॉ. परशुराम खुणे यांस २०२३ साली पद्मश्री मिळाली, याचा आपणा सर्वांस अभिमान आहे. परंतु रंगमंचावरचा आवाज हजारो माणसे ऐकतात. चुलीपाशी बसून बोलणाऱ्या आजीचा आवाज ऐकणारे तीन-चारच असतात, आणि तेही मोबाइलमध्ये गुंतलेले.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. आमचे शिक्षण मॅट्रिकचे आणि दोन वर्षे अध्यापनाचे. आम्ही काही ध्वनितज्ज्ञ नाही. जे चुकत-माकत शिकलो, तेवढेच सांगतो.

प्रथम आम्ही खोली अगदी रिकामी केली. पेट्या काढल्या, गाद्या काढल्या, फरशी धुतली. मग आमच्या थोरल्या बहिणीस, जिला घरात सर्व ‘बाई’ म्हणतात, खुर्चीवर बसविले आणि समोर टेबलावर मोबाइल ठेवला. ऐकतो तो काय, बाई विहिरीत बसून बोलत आहे असा आवाज! कारण सोपे आहे. आवाज सेकंदास सुमारे ३४३ मीटर वेगाने जातो. दहा फुटांवरच्या भिंतीवर आपटून तो सेकंदाच्या सुमारे साठाव्या हिश्श्यात परत येतो आणि मूळ शब्दात मिसळतो. गुळगुळीत गिलावा, फरशी आणि स्लॅब यांच्यामध्ये तो असा पुष्कळ वेळा फिरतो. जुन्या कवेलूच्या, सारवलेल्या घरात हा त्रास कमी असे. कारण त्या घरात आवाज परतविणाऱ्या गुळगुळीत भिंती कमी आणि तो निघून जाण्यास फटी पुष्कळ.

यावर उपाय महाग नाही. जे सामान आम्ही बाहेर काढले होते, तेच परत आत आणले. बोलणाऱ्याच्या पाठीशी आणि दोन्ही बाजूंस जाड कापसाच्या गाद्या उभ्या केल्या, खाली सतरंजी, तीवर गोधडी. गादी भिंतीस चिकटवून ठेवण्यापेक्षा चार बोटे पुढे ठेवली तर अधिक उपयोग होतो. पातळ चादर किंवा पडदा केवळ तीक्ष्ण स्वर शोषतो. भारदस्त, खालचे स्वर शोषण्यास जाडीच लागते. कोपऱ्यात धानाची पोती रचली. पोत्यांनी फार चांगले काम केले, मात्र उंदीर नाहीत याची खात्री करून घ्यावी. भिंतीस अंड्यांचे कागदी ट्रे लावावेत असे कोणी सांगतात. त्यांचा उपयोग फार थोडा.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. गादी आतला घुमारा शोषते. बाहेरचा गोंगाट ती थांबवीत नाही. बाहेरचा आवाज फटींतून येतो. दाराखाली ओला टॉवेल दाबावा, खिडकी लावून घ्यावी. तरीही घुग्घुस-बल्लारपूरकडे खाणीतील सुरुंगाचा दणका येणार, शेतीच्या गावी मोटरपंप चालणार, पावसाळ्यात टिनावर पाऊस आणि तळ्यात बेडूक. त्यांस गादी काय करणार? तेथे वेळ निवडणे हाच उपाय. पहाटेची वेळ उत्तम. पंखा, फ्रीज, भिंतीवरचे घड्याळ आणि खडखडणारे लोखंडी कपाट हे घरातले चार शत्रू समजावेत. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात पंखा बंद करून वृद्ध माणसास कोंडलेल्या खोलीत बसविणे हा अपराध होय. धानाची कापणी आटोपली की कार्तिकापासून माघापर्यंत हे काम करावे, आणि एका बैठकीस वीस मिनिटांहून अधिक वेळ घेऊ नये.

तिसरी गोष्ट अंतराची. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर असावा. अंतर निम्मे केले की थेट आवाजाची तीव्रता चौपट होते, घुमारा मात्र होता तेवढाच राहतो. म्हणून जवळीक हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. परंतु तो तोंडासमोर नेमका न धरता किंचित बाजूस ठेवावा, नाहीतर ‘प’, ‘फ’, ‘भ’ म्हणताना श्वासाचा फटका बसतो. आम्ही भरतकामाच्या कडीवर जुने मलमल ताणून मध्ये उभे केले. यंत्र म्हणाल तर साधा मोबाइलही चालतो. तो विमान-अवस्थेत ठेवावा आणि टेबलावर घडी घातलेल्या रुमालावर ठेवावा. सवड असल्यास काही हजार रुपयांचा संगणकास जोडावयाचा मायक्रोफोन घ्यावा. ध्वनिमुद्रण ‘वेव्ह’ प्रकारात, सेकंदास ४८ हजार नमुने आणि २४ बिट असे करावे. एका तासास सुमारे ५२० एमबी जागा लागते. आवाजाची मोजपट्टी शून्याच्या खाली १२ डेसिबलच्या आसपास राहावी. शून्यास भिडली की आवाज फाटतो आणि तो पुन्हा सांधता येत नाही.

इतकी सिद्धता झाल्यावर मार्गशीर्षातील एका पहाटे आम्ही बाईस पुन्हा बसविले. मुद्रण सुरू केले, मान हलवून खूण केली. बाई गप्प. पदर सावरला, घसा खाकरला, पुन्हा गप्प. शेवटी तिने विचारले, “बापू, आता सुद्द बोलू का आपल्या घरच्यावानी?”

बंधूंनो, भगिनींनो, हा प्रश्न आमच्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बहिणीने तिच्या शिक्षक भावास विचारला. तिने आमच्या हाताखाली एक दिवसही शिक्षण घेतले नव्हते. तरीही आमची छडी तिच्यापर्यंत पोचली होती. आम्ही म्हटले, “घरच्यावानीच बोल, बाई.” मग ती बोलू लागली. भुलाबाईची गाणी म्हणाली, तेल-हळदीची म्हणाली. गडचिरोली जिल्हा १९८२ साली वेगळा झाला, त्यापूर्वी कचेरीच्या कामासाठी वडिलांस चंद्रपूर गाठावे लागे आणि ते परतेपर्यंत आई कंदील कसा विझू देत नसे, ते तिने सांगितले. मोहफुले वेचावयास गेलेल्या पहाटेचे सांगितले. कित्येक शब्द आम्हीच चाळीस वर्षांनी ऐकले. मध्येच बाहेर कोंबडा आरवला, तो आम्ही तसाच राहू दिला. तोही त्या घरचाच.

मुद्रण झाल्यावर चार नियम पाळावेत. आरंभी बोलणाऱ्याने आपले नाव, गाव, वय आणि तिथी-तारीख स्वतःच्या तोंडून सांगावी. गौहर जानची ती युक्ती आजही उत्तम आहे. शेवटी अर्धा मिनिट कोणी बोलू नये. खोलीची ती शांतता पुढे खरखर काढण्यास उपयोगी पडते. प्रती तीन कराव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर आणि तिसरी दुसऱ्या गावी नातलगाकडे. मोबाइल पाण्यात पडला आणि आजी गेली, असे होऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, बोलणाऱ्याची संमती घ्यावी. कोणते गाणे सर्वांना ऐकवावे, कोणती गोष्ट घरातच राहावी, हे त्यांनी ठरवावे. हल्ली थोड्या क्षणांच्या आवाजावरून यंत्र त्या माणसाचा हुबेहूब नकली आवाज करते आणि लबाड लोक त्याने पैसे उकळतात. सबब हे धन व्हॉट्सॲपच्या गटावर उधळावयाचे नव्हे.

मंडळास आमची एक सूचना आहे. प्रत्येक तालुक्यात एका घराने अशी एक खोली सिद्ध करावी. कायमची नको, कार्तिक ते माघ पुरे. शेजारपाजारच्या वृद्धांस सन्मानाने आणावे, चहा द्यावा आणि ऐकावे. जे देण्यास संमती असेल, त्याची एक प्रत मंडळाच्या कार्यालयात कुलपात राहावी. हे काम आपल्या समाजापुरतेच ठेवावे असेही नाही. आपल्या शेतावर, आपल्या गावात राबणाऱ्या इतर समाजांच्या आणि गोंडी-माडिया बोलणाऱ्या वृद्धांपाशीही असेच धन आहे. त्यांनाही त्या खोलीचे दार उघडे असावे.

काही मंडळी म्हणतील, जुन्या बायांचे बोलणे राखून पोरांना नोकरी मिळणार आहे काय? मिळणार नाही, हे आम्ही मान्य करतो. परंतु दूर गेलेल्या मुलास एखाद्या रात्री आजीचा आवाज ऐकावासा वाटला, तर आपण त्यास काय देणार? तसबिरीस बोलता येत नाही.

बाई आज सुखरूप आहे. गेल्या दिवाळीस पुण्याहून आमचा नातू आला, त्याने कानास यंत्र लावून ते मुद्रण ऐकले आणि विचारले, “आजोबा, डोरा म्हणजे काय?” आम्ही त्यास अर्थ सांगितला. यावेळी वर्गात कोणी हसले नाही.