घरची गाडी की भाड्याची?



बुरूज बांधावयास निघालेल्या माणसाने आधी बसून खर्चाची मोजदाद करावी, असा एक दृष्टान्त लूककृत शुभवर्तमानात आहे. पाया घातल्यावर पैसा संपला, तर त्या माणसाचे हसे होते. लहान उद्योग चालविणाऱ्या कुटुंबांनी हा दृष्टान्त अवश्य ध्यानी धरावा. माल बाजारात कसा पोहोचवावा, हा प्रश्न उभा राहिला की पुष्कळ जण हिशेबाआधीच पाया घालतात, म्हणजे कर्ज काढून दारात टेंपो आणतात. आज आपण या प्रश्नाचाच हिशेब मांडू.

हिशेबाचे मूळ खर्चाच्या दोन जातींत आहे. जागेचे भाडे, पगार, कर्जाचा हप्ता, विमा हा स्थिर खर्च. एक खोका जावो की हजार जावोत, तो द्यावाच लागतो. काजू, खोका, हमाली, डिझेल हा बदलता खर्च. तो खोक्यांबरोबर वाढतो आणि खोक्यांबरोबर घटतो.

समजा, डिचोलीचे एक कुटुंब काजूगराचे खोके चोर्ला घाटाने बेळगावास धाडते. विक्रीच्या किमतीतून माल व बांधणी यांचा खर्च वजा जाता दर खोक्यामागे 300 रुपये उरतात. कारखान्याचा स्थिर खर्च महिना 63,000 रुपये आहे. वाहतूक कंपनी खोक्याला 90 रुपये घेते. म्हणजे प्रत्येक खोका स्थिर खर्च फेडण्यास 210 रुपयांचा हातभार लावतो. 63,000 ला 210 ने भागले की 300 येतात. तीनशे खोक्यांवर नफा नाही, तोटाही नाही. त्यापुढे नफा सुरू होतो.

आता घरचा टेंपो पाहू. डिझेल, हमाली व झीज मिळून खोक्याला 30 रुपयेच लागतात, म्हणून हातभार 270 रुपयांवर जातो. परंतु हप्ता, विमा व चालकाचा पगार मिळून स्थिर खर्चात 36,000 ची भर पडते आणि तो 99,000 होतो. आता तोटा टळण्यासच 367 खोके जावे लागतात.

मग टेंपो फायद्याचा केव्हा? दर खोक्यामागे 60 रुपये वाचतात. 36,000 भागिले 60, म्हणजे 600. महिन्याला सहाशे खोके गेले, तर दोन्ही मार्गांनी नफा सारखाच, 63,000 रुपये. आठशे गेले, तर भाड्याच्या गाडीने 1,05,000 आणि टेंपोने 1,17,000 मिळतात. चारशेच गेले, तर भाड्याच्या गाडीने 21,000 आणि टेंपोने अवघे 9,000.

खरी फसगत होते ती पुढेच. गणेशचतुर्थीपासून नाताळापर्यंतच्या चार महिन्यांत आठशे खोके जातात, तेव्हा टेंपो घेण्याची इच्छा प्रबळ होते. पण उरलेल्या आठ महिन्यांत चारशेच जात असतील तर? चार महिन्यांत टेंपोने दरमहा 12,000 प्रमाणे 48,000 अधिक मिळविले. आठ महिन्यांत त्याच दराने 96,000 गमावले. वर्षाअखेर 48,000 रुपयांची खोट! भाड्याची गाडी मंदीत खर्च मागत नाही. बँकेचा हप्ता मात्र पावसाळा जाणत नाही.

मोठ्या व्यापारातही हाच नियम आढळतो. 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लीन यांचे ‘आयडियल-एक्स’ हे जहाज 58 मोठ्या पेट्या घेऊन अमेरिकेतील न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघाले. सुटा माल जहाजात चढविण्यास तेव्हा टनामागे सुमारे 5 डॉलर 83 सेंट पडत. पेटीच्या पद्धतीने तोच खर्च 16 सेंटांहून कमी आला. बदलता खर्च असा कोसळला, पण त्यापायी पेट्या, यारी आणि नवे धक्के यांचा प्रचंड स्थिर खर्च करावा लागला. तो परवडला, कारण माल अफाट होता.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एका टेंपोत मावेनासा माल झाला की दुसरा घ्यावा लागतो, आणि स्थिर खर्चाची पायरी पुन्हा चढावी लागते. मग सारे गणित नव्याने मांडावे. दुसरे असे की, खोके वेळेवर पोहोचणे, न फुटणे, गिऱ्हाईक टिकणे यांनाही मोल आहे. ते मोलही शक्यतो रुपयांत मांडून बेरजेत धरावे. नाहीतर टेंपोची हौसच सोयीचे नाव घेऊन हिशेबात शिरते.

म्हणून कर्जाच्या कागदावर सही करण्यापूर्वी घरच्या सर्वांनी एकत्र बसावे, गेल्या बारा महिन्यांचे खोके महिनावार लिहून काढावे आणि सरासरी काढावी. ती त्या सहाशेच्या रेषेच्या बरीच वर असेल, तर टेंपो खुशाल घ्यावा. खाली असेल, तर दुसऱ्याच्या गाडीने माल धाडण्यात कमीपणा मुळीच नाही.